गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील बायोप्सी
गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान बायोप्सीने, म्हणजे तेथील ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, निश्चित होते. पॅप चाचणी केवळ संशय दर्शवते. प्रारंभिक अवस्थेत उपचारही याच अहवालावर ठरतात. चिमट्याने घेतलेला तुकडा लहान असल्याने रोगाची खोली कळतेच असे नाही. त्यासाठी गर्भाशयमुखाचा शंकूच्या आकाराचा भाग काढतात. 'फिगो' या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणात केवळ सूक्ष्मदर्शकातून दिसणारा, ३ मिमीपर्यंत खोल रोग १अ१ अवस्थेत, तर ३ ते ५ मिमी खोलीचा १अ२ अवस्थेत मोडतो. १अ१ मध्ये शंकूच्या कडा रोगमुक्त असतील आणि रक्तवाहिन्या वा लसीकावाहिन्यांत कर्कपेशी शिरल्या नसतील, तर अपत्य हवे असलेल्या स्त्रीला तेवढाच छेद उपचार म्हणून पुरतो, गर्भाशय वाचतो. म्हणून 'कर्करोग आहे' एवढ्याच शेऱ्याचा अहवाल अपुरा ठरतो. पेशी वाहिन्यांत शिरल्या असल्यास किंवा रोग अधिक खोल असल्यास लसीकाग्रंथीही तपासाव्या लागतात.

अहिल्यानगरलगतच्या धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यात १९९९ मध्ये ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. चाचणीत दोष आढळलेल्यांची कॉल्पोस्कोपी व आवश्यक तेथे बायोप्सी करून उपचार झाले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू चाचणी न झालेल्या गटाच्या सुमारे निम्मे होते.