हुकूमतपन्हा ते बावडेकर : रामचंद्रपंत अमात्य यांची मध्यवर्ती व स्थानिक सत्तेतील कारकीर्द

प्रस्तावना

कोल्हापूरच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले गगनबावडा हे आज जिल्ह्यातील एका लहान तालुक्याचे ठिकाण आहे. येथून करूळ व भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात आणि दोन्ही वाटांवर गगनगडाची नजर राहते. मराठ्यांच्या इतिहासात या स्थळाचे नाव एका घराण्याशी कायमचे जोडले गेले आहे, ते म्हणजे पंत अमात्य बावडेकर. या घराण्याचे सर्वांत कर्तबगार पुरुष रामचंद्र नीळकंठ हे शिवछत्रपतींच्या अष्टप्रधान मंडळात अमात्य होते, राजाराम महाराजांच्या अनुपस्थितीत स्वराज्याचे सर्वाधिकारी होते आणि ‘आज्ञापत्र’ या राजनीतिपर ग्रंथाचे कर्ते म्हणून परंपरेने ओळखले जातात.

राज्याच्या मध्यवर्ती कारभारात वावरलेला मुत्सद्दी आणि एका डोंगरी मुलखाशी बांधला गेलेला जहागीरदार या त्यांच्या दोन भूमिकांचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. या संबंधात एक लक्षणीय विसंगती आढळते. ज्या ग्रंथात वतने व इनामे देण्याविरुद्ध राजाला कठोर इशारा दिला आहे, त्याच ग्रंथाच्या कर्त्याचे घराणे पुढे वंशपरंपरागत जहागीरदार म्हणून टिकले. ही विसंगती केवळ वैयक्तिक मानावयाची की तत्कालीन राज्यरचनेची, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

घराण्याची पार्श्वभूमी व अमात्यपद

रामचंद्रपंतांचे घराणे कल्याण-भिवंडी परिसरातील. त्यांचे वडील निळो सोनदेव शिवाजी महाराजांचे मुजुमदार होते व चुलते आबाजी सोनदेव यांचे नाव कल्याणच्या मोहिमेशी निगडित आहे. इ.स. १६७२ मध्ये निळोपंतांचे निधन झाल्यावर मुजुमदारी त्यांच्या मुलांकडे आली. इ.स. १६७४ च्या राज्याभिषेकप्रसंगी फारसी पदनामांऐवजी संस्कृत नावे रूढ करण्यात आली, तेव्हा मुजुमदाराचा ‘अमात्य’ झाला. राज्याचा जमाखर्च तपासणे हे या पदाचे मुख्य काम होय.

राज्याचा पैसा कोठून येतो व कोठे गळतो, हे ज्याच्या नजरेखालून जाते त्याची राजकारणाकडे पाहण्याची दृष्टी हिशेबी बनते. आज्ञापत्रात हीच दृष्टी सर्वत्र जाणवते. तसेच शिवकाळात सेवकांना शक्यतो रोख वेतन द्यावे, जमीन तोडून देऊ नये, असे धोरण होते. न्यायमूर्ती रानडे यांनी आपल्या इ.स. १९०० च्या इंग्रजी ग्रंथात मराठी सत्तेच्या उदयाचे विवेचन करताना याच धोरणावर विशेष भर दिला आहे. रामचंद्रपंतांची उमेदवारी या शिस्तीत झाली.

हुकूमतपन्हा : सत्तेचा कळस

इ.स. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती पडला आणि राजाराम महाराज पन्हाळ्याहून दूर दक्षिणेत जिंजीस गेले. महाराष्ट्रातील कारभार रामचंद्रपंतांकडे सोपविण्यात आला व त्यांना ‘हुकूमतपन्हा’ हा किताब देण्यात आला. त्यांच्या जोडीस शंकराजी नारायण होते, तर रणांगणावर संताजी घोरपडे व धनाजी जाधव होते. इ.स. १६९८ मध्ये राजाराम महाराज परत येईपर्यंत, सुमारे नऊ वर्षे, छत्रपती एकीकडे आणि राज्य दुसरीकडे अशी स्थिती होती. या काळात विशाळगडासारख्या सह्याद्रीतील किल्ल्यांवरून रामचंद्रपंतांनी राज्याचा गाडा हाकला.

या कारभारापुढील सर्वांत बिकट अडचण वतनदारांची होती. औरंगजेब बादशहा मराठा देशमुखांना व सरदारांना वतने-मनसबी देऊन आपल्याकडे ओढीत होता. स्वराज्याचा खजिना रिकामा होता आणि रोख वेतन देण्याची ऐपत उरली नव्हती. अशा वेळी माणसे राखण्याचा एकच मार्ग शिल्लक होता, तो म्हणजे जमीन व तिच्या उत्पन्नाचे आश्वासन. इ.स. १६९१ मध्ये राजाराम महाराजांनी हणमंतराव घोरपडे यांना दिलेले अभिवचन या दृष्टीने बोलके आहे. रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद व अखेरीस दिल्ली काबीज केल्यास टप्प्याटप्प्याने नेमणूक वाढवून देण्याचे त्यात मान्य केले होते. न जिंकलेल्या मुलखावर दिलेली ही हुंडीच होती.

या धोरणामुळे स्वराज्य वाचले, ही वस्तुस्थिती आहे. मात्र शिवकालीन शिस्त मोडली, हीसुद्धा तितकीच खरी गोष्ट आहे. या बदलाच्या अंमलबजावणीत रामचंद्रपंत अग्रभागी होते. म्हणजेच ज्या व्यवस्थेत ते घडले, तिच्या विरुद्ध जाणारी व्यवस्था उभी करण्याचे काम परिस्थितीने त्यांच्याच हातून करविले.

केंद्राचा संकोच

इ.स. १७०० मध्ये राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाले व ताराबाईंनी आपल्या पुत्राच्या नावाने कारभार हाती घेतला. इ.स. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला, शाहू महाराजांची सुटका झाली आणि वारसाहक्काचा प्रश्न उभा राहिला. खेडच्या लढाईत शाहूंची सरशी होऊन इ.स. १७०८ मध्ये साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. रामचंद्रपंत ताराबाईंच्या पक्षात राहिले. पुढे पन्हाळ्यास दुसरी गादी स्थापन झाली. इ.स. १७१४ मध्ये तेथे सत्तांतर होऊन ताराबाई व त्यांचा पुत्र नजरकैदेत गेले आणि राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. या सत्तांतरात रामचंद्रपंतांचा हात होता, असे इतिहासकार मानतात. इ.स. १७१६ च्या सुमारास पन्हाळ्यावर त्यांचे निधन झाले.

या घटनाक्रमातील एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. इ.स. १६७४ मध्ये रामचंद्रपंत अमात्य होते आणि आयुष्याच्या अखेरीसही अमात्यच होते. पदाचे नाव बदलले नाही, परंतु त्या पदाखालील राज्य बदलले. रायगडावरील अमात्य सबंध स्वराज्याचा जमाखर्च पाहत असे, तर पन्हाळ्यावरील अमात्याच्या दृष्टीच्या टप्प्यात प्रामुख्याने वारणेच्या दक्षिणेचा मुलूख होता. इ.स. १७३१ च्या वारणेच्या तहाने या विभागणीवर शिक्कामोर्तब केले. रामचंद्रपंत मध्यवर्ती राजकारण सोडून स्थानिक राजकारणात आले नाहीत. त्यांच्या पायाखालचे केंद्रच आकसून स्थानिक झाले.

आज्ञापत्रातील विचार

आज्ञापत्र हे कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या काळात, इ.स. १७१५ च्या सुमारास, राजाज्ञेच्या स्वरूपात लिहिले गेले. श्री. व्यं. पुणतांबेकर यांच्या इ.स. १९२९ मधील इंग्रजी अनुवादामुळे ते महाराष्ट्राबाहेरील अभ्यासकांपर्यंत पोहोचले. राजा, प्रधान, सावकार, टोपीकर, वतनदार, वृत्ती व इनाम, दुर्ग आणि आरमार असे त्यातील विषय आहेत. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने त्यांपैकी तीन प्रकरणे महत्त्वाची आहेत.

पहिले वतनदारांविषयीचे. वतनदार हे आपल्या जागी लहानसे राजेच असतात, संधी मिळताच ते बळ वाढवितात व परचक्र आले की शत्रूशी संधान बांधतात, असे ग्रंथकार सांगतो. तथापि त्यांचा उच्छेद करावा असे तो म्हणत नाही. त्यांचा मान राखावा, पण त्यांच्या सत्तेला मर्यादा घालावी, असा त्याचा दुहेरी सल्ला आहे. दुसरे वृत्ती-इनामांविषयीचे. सेवकाच्या पराक्रमाचे बक्षीस म्हणून वंशपरंपरागत जमीन तोडून दिल्यास राज्याचे उत्पन्न घटते आणि उत्पन्नाबरोबर राज्यही क्षीण होते, हा येथील युक्तिवाद शुद्ध हिशेबाचा आहे. तिसरे टोपीकरांविषयीचे. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस हे इतर सावकारांसारखे नसून त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत. त्यांनी व्यापार करावा, परंतु समुद्रकिनारी वा किल्ल्यांजवळ त्यांना जागा देऊ नये, असे त्यात बजावले आहे.

या तिन्ही प्रकरणांत एकच सूत्र आहे. एकदा दिलेली जमीन परत घेता येत नाही आणि जमिनीबरोबर सत्ताही जाते. हा अनुभव रामचंद्रपंतांनी हुकूमतपन्हा असताना स्वतः घेतला होता. म्हणून आज्ञापत्रातील इशारा एखाद्या तटस्थ पंडिताचा न राहता स्वतः ती किंमत मोजलेल्या प्रशासकाचा ठरतो.

बावड्याची जहागीर व एक तुलना

बावड्याची जहागीर अमात्य घराण्याकडे राहिली. कोल्हापूर दरबार व ब्रिटिश सरकार यांच्यातील इ.स. १८६२ च्या करारानंतर विशाळगड, कागल, इचलकरंजी यांच्याप्रमाणेच बावड्याच्या जहागीरदारावरही ब्रिटिशांची देखरेख राहिली. इ.स. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. शंकराजी नारायणांच्या वंशजांचे भोर व प्रतिनिधींचे विशाळगड-औंध हीसुद्धा याच इतिहासाची फलिते आहेत. मोगलांशी झुंजलेल्या प्रत्येक प्रमुख प्रधानाचे घराणे अखेर एकेका प्रदेशाचे धनी झाले. त्यामुळे ही विसंगती एकट्या रामचंद्रपंतांची म्हणता येत नाही.

समकालीन ब्रिटनशी तुलना केल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होतो. रॉबर्ट वॉल्पोल हे नॉरफोक परगण्यातील जमीनदार होते. किंग्ज लिनचे प्रतिनिधी म्हणून ते संसदेत बसत आणि इ.स. १७२१ ते १७४२ या काळात देशाचा कारभार त्यांच्या हाती होता. त्यांच्याही सत्तेचे एक मूळ स्थानिक जमिनीत होते. परंतु स्थानिक वजन मध्यवर्ती सत्तेत रूपांतरित करणारी आणि बहुमत गमावताच तिच्यापासून दूर सारणारी संसद ही संस्था तेथे होती. मराठी राज्यात राजा आणि वतनदार यांच्यामध्ये अशी संस्था नव्हती. प्रधानांचे मंडळ राजाच्या मर्जीवर अवलंबून होते व गादी दुभंगताच तेही दुभंगले. अशा स्थितीत मुत्सद्द्याला शाश्वत आधार उरला तो जमिनीचाच.

निष्कर्ष

१. रामचंद्रपंतांच्या कारकीर्दीत मध्यवर्ती व स्थानिक सत्ता हे क्रमाने आलेले दोन टप्पे नसून मध्यवर्ती सत्तेच्या संकोचातून स्थानिक सत्ता पुढे आली.

२. आज्ञापत्रातील वतनविरोध आणि बावड्याची जहागीर यांतील विसंगतीस दांभिकपणा म्हणणे अन्यायाचे होईल. संकटकाळी राज्य वाचविण्यासाठी स्वीकारलेल्या धोरणाचे ते फलित होते आणि त्याचे दुष्परिणाम ग्रंथकाराने स्वतः ओळखले होते.

३. तथापि, दोष ओळखणे म्हणजे दोषातून मुक्त होणे नव्हे. जे धोरण घातक ठरते असे त्यांनी लिहिले, त्याचाच लाभ त्यांच्या घराण्यास पिढ्यान्‌पिढ्या मिळाला, हेही अध्यापकाने विद्यार्थ्यांसमोर स्पष्टपणे मांडले पाहिजे.

४. स्थानिक इतिहासाचा अभ्यास म्हणजे केवळ गौरवस्थळांची नोंद नव्हे. गगनबावड्यासारख्या दुर्गम ठिकाणाचा इतिहास सबंध मराठी राज्याच्या घडणीवर व विघटनावर प्रकाश टाकू शकतो. अमात्य घराण्याचा अभ्यास या दृष्टीने अधिक विस्ताराने होणे आवश्यक आहे.