कुलूप होतं की पडदा?

राजेहो, परवा रात्री लकडगंजातल्या आमच्या छोट्या ऑफिसात घाम फुटला. पान सोडायची वेळ झालेली, बातमी अर्धवट, आणि लिनक्सवाल्या कॉम्प्युटरचं स्क्रीन लॉक काही केल्या उघडेना. पासवर्ड तीनदा टाकला, तीनदा चुकीचा म्हणे. ऑफिसातला पोरगा म्हणाला, "सर, बटण दाबून बंदच करा नं." काहून बंद करू बे? सेव्ह न केलेली बातमी परत कोण लिहील?

मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबलं. काळा स्क्रीन आला, लॉगिन विचारणारी एक ओळ. तिथं तोच पासवर्ड पहिल्या फटक्यात चालला! म्हणजे पासवर्ड ठीक, भानगड कीबोर्डची. लॉक लागलं तेव्हा मी मराठीत टाइप करत होतो. इनस्क्रिप्ट तसंच चालू राहिलं. मी 'एल' दाबायचो, आत 'त' जायचा, आणि दिसायचे नुसते ठिपके. परत येऊन कोपऱ्यातली भाषा बदलली, उघडलं. (त्या काळ्या स्क्रीनवरून लॉगआउट करायला विसरू नका, नाहीतर मागचं दार उघडंच.)

चूक माझीच होती. पण डोक्यात दुसरंच सुरू झालं. त्या मशीनवर लोकांनी विश्वासानं दिलेले कागद आहेत, तक्रारदारांची नावं आहेत. कुलपानं मला अडवलं ते ठीक. नको त्याला आत सोडलं तर?

तसं घडलेलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये लिनक्स मिंटच्या एका वापरकर्त्यानं कळवलं की त्याच्या पोरांनी खेळता खेळता खरा कीबोर्ड आणि स्क्रीनवरचा कीबोर्ड दोन्ही बडवले आणि लॉक उडालं. एकदा नाही, दोनदा. शोधल्यावर कळलं, स्क्रीनवरच्या कीबोर्डमधलं डोक्यावर आडवी रेघ असलेलं 'ई' अक्षर दाबलं की लॉकचा प्रोग्रामच कोसळायचा. पासवर्ड कोणी ओळखला नव्हता. पहारेकरीच पडला होता.

याचं मूळ जुनं आहे. लिनक्सवर चित्र दाखवणारी एक्स विंडो यंत्रणा १९८४ ला अमेरिकेत एमआयटीत सुरू झाली. तिच्या लेखी लॉक म्हणजे आणखी एक साधा प्रोग्राम. तो सगळ्यांच्या वर आपली खिडकी पसरतो, कीबोर्ड-माउस ताब्यात घेतो, बस्स. प्रोग्राम मेला की खिडकी गेली, डेस्कटॉप उघडा. आमच्या भागात लाकडाचा धंदा. इथला कोणताही सुतार सांगेल, कुलूप चौकटीला बसवलेल्या दाराला लावतात. इथं ते पडद्याला लावलं होतं.

जेमी झविन्स्की या माणसानं १९९२ मध्ये एक्सस्क्रीनसेव्हर काढलं. कुलपाचा भाग मुद्दाम लहान, साधा ठेवला. सुंदर बटणं, ॲनिमेशन यांचा पसारा त्यात घातला तर काहीतरी कोसळणारच, असं त्यानं २००४ मध्येच लिहून ठेवलं होतं. पण देखण्या कुलपांचा जमाना आला. २०१२ मध्ये तर कंट्रोल, ऑल्ट आणि नंबरपॅडवरची फुली एवढं दाबलं की कित्येक मशीनचं लॉक निघायचं. प्रोग्रामरांच्या तपासणीची सोय तशीच चालू राहिली होती. २०२१ ला झविन्स्कीनं 'सांगितलं होतं नं' असं म्हटलं, जरा तिखटच. त्याचा हक्कच होता तो.

पुढे मिंटवाल्यांनी मागे दुसरा पहारेकरी बसवला. पहिला पडला तर तो स्क्रीन झाकून ठेवतो आणि मी केलं तसंच काळ्या स्क्रीनवर जाऊन लॉगिन करा, असं सांगतो. नवी वेलँड यंत्रणा २००८ पासून बनतेय. तिच्यासाठी २०२२ मध्ये लॉकचा वेगळा नियम आला: लॉकचा प्रोग्राम मेला तरी स्क्रीन बंदच राहायचा. मालकही बाहेर अडकेल, पण परका आत येणार नाही. पण जुन्या एक्सवर चालणारी मशीन अजून ढीगभर आहेत, आमचं त्यातलंच.

म्हणून सध्या डिस्क एन्क्रिप्ट करून घेतली आहे. रात्री निघताना कॉम्प्युटर लॉक करत नाही, सरळ बंद करतो. अन् चहाला उठलो तरी भाषा आधी इंग्रजीवर आणतो.