खपली, खेकडा आणि चांदी

गुडघा फुटला की घरोघरी एकच सल्ला मिळत असे : "उघडा ठेव, वारा लागू दे, खपली धरेल!" या समजुतीला जबर धक्का बसला तो डुकराच्या पिलांमुळे.

१९६२ साली जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने पिलांच्या पाठीवर उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा चिकटवला. झाकलेल्या, ओलसर जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने आली. नव्या पेशी काठावरून आत सरकत येतात. ओलाव्यात त्यांची वाट सोपी असते. खपलीखालून मात्र त्यांना पोखरत जावे लागते. शिवाय वाळलेले गॉज ओढताना ही कोवळी कातडीच सोलून निघते. भाजलेल्या लेकराची पट्टी बदलताना जी आई जवळ उभी राहिली असेल, तिला हे निराळे सांगायला नको.

मग पट्टी काढावीच लागू नये अशी केली तर? कोळंबी-खेकड्यांच्या टाकाऊ कवचांपासून कायटोसान नावाचा पदार्थ मिळतो. फ्लेमिंगने १९२२ साली लायसोझाइम या पाचकद्रव्याची माहिती प्रसिद्ध केली; ते आपल्या अश्रूंत असते, तसेच जखमेच्या स्रावातही. तेच कायटोसानला हळूहळू विरघळवते.

परंतु ओलावा जंतूंनाही मानवतो! त्यांच्यावर जुना उतारा चांदीचा. १९६५ साली अमेरिकेत मॉयर यांनी भाजलेल्यांसाठी ०.५ टक्के सिल्व्हर नायट्रेटच्या ओल्या पट्ट्या वापरल्या. गुण आला, चादरी मात्र काळ्या पडल्या. गंमत अशी की फिलाडेल्फियाच्या कॅरी लीने १८८९ सालीच चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार केले होते. ते सुमारे ७ ते ९ नॅनोमीटरांचे, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागांत मोजण्याजोगे. पण त्याचे लक्ष फोटोग्राफीच्या रसायनांकडे! खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते. तसेच कण जितका बारीक, तितकी चांदी अधिक मोकळी होते. अशा चांदीच्या पट्ट्या कॅनडात तयार झाल्या त्या १९९० नंतरच्या दशकात.

आता हे कण विरघळणाऱ्या पापुद्र्यातच गुंफण्याचे प्रयोग चालू आहेत. कारण चांदीला आपपर कळत नाही : मात्रा वाढली की जंतूंबरोबर त्वचेच्या नव्या पेशीही मरतात. पापुद्रा जसजसा झिजेल तसतशी ती थोडीथोडी सुटावी, एवढ्यासाठी हा खटाटोप. स्वच्छ, साध्या खरचटण्याला तर चांदीची गरजच नाही; ते पाण्याने धुवावे आणि झाकून ठेवावे.