जखमेमागील हकीकत

घरांत मार खाल्लेली स्त्री पोलीसचौकीपूर्वीं दवाखाना गांठते आणि "पडलें" एवढेंच सांगते. जखम बांधली जाते; कारण तसेंच राहतें. सातारा जिल्ह्यांतील नायगांवीं जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांनीं पतीसह १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढिलें. तेथें गरोदर विधवेस दोष न देतां आसरा मिळे. हें तत्त्व रुग्णालयांत येण्यास २००० साल उजाडावें लागलें. त्या सालीं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयांत मुंबई महापालिका व 'सेहत' संस्था यांनीं 'दिलासा' केंद्र उघडिलें. तेथें हकीकत एकांतांत विचारितात. पुढील मार्ग तिच्याच इच्छेनें ठरतो. २०१३ च्या कायद्यानें बलात्कारपीडितेवर विनामूल्य उपचार करणें सरकारी-खासगी सर्व रुग्णालयांस बंधनकारक झालें. सातारा-सांगलीचीं रुग्णालयें त्यांत आलींच. परंतु "कोणीं मारिलें?" हें मायेनें विचारणें वैद्यानेंच शिकलें पाहिजे.