बिस्मार्कचा आजारविमा व ख्रिस्ती नीति

आजाऱ्याची शुश्रूषा हें ख्रिस्ती धर्मांतील एक प्रमुख पुण्यकर्म होय. परंतु जें अंतःकरणाच्या प्रेरणेनें करावयाचें, तें सरकारनें कायद्याच्या बळावर करवून घ्यावें काय? हा प्रश्न जर्मनींत ता. १५ जून १८८३ च्या आजारविमा कायद्यानें तीव्रतेनें पुढें आणला. सक्तीच्या आजारविम्याचा हा पहिला राष्ट्रव्यापी कायदा.

त्यामागील हेतु निर्भेळ नव्हता. १८७८ सालीं समाजवाद्यांच्या सभा व वृत्तपत्रें बंद पाडणाऱ्या बिस्मार्कला कामगारांचें मन राज्याकडे वळवावयाचें होतें. या धोरणाला तो व्यवहारांतील ख्रिस्ती धर्म म्हणे. मुत्सद्दी धर्माचें नांव घेऊं लागला म्हणजे शहाण्यानें सावध व्हावें, हें खरेंच. परंतु कायद्याचा मसुदा घडविणारा अधिकारी थिओडोर लोमान हा मनापासून श्रद्धाळू प्रॉटेस्टंट होता. बिस्मार्कला राज्याचा आश्रित कामगार हवा होता. लोमानला आपला कारभार आपण पाहणारा हवा होता. अपघातविम्याच्या प्रश्नावर दोघांचें बिनसलें, तें याच भेदामुळें.

आजारविम्यावर मात्र लोमानची छाप राहिली. वर्गणीचा दोनतृतीयांश भाग कामगारानें व एकतृतीयांश मालकानें द्यावयाचा. स्थानिक निधीच्या कारभारांतही प्रतिनिधित्व त्याच प्रमाणांत. आजाऱ्यास औषधोपचार मोफत व तेरा आठवड्यांपर्यंत अर्धा रोज मिळे. खाणकामगारांचे व कारागीरसंघांचे जुने निधि मोडले नाहींत. ते नव्या चौकटींत सामावून घेतले.

कॅथॉलिकांना राज्यसत्तेची धास्ती वाटे, यांत नवल नाहीं. त्यांच्या बिशपांना बिस्मार्कनें थोड्याच वर्षांपूर्वीं तुरुंग दाखविला होता. तथापि त्यांच्यापैकींच माइन्त्सचे बिशप केटेलर हे प्रथम स्वेच्छेच्या सहकार्यावर विसंबून होते, ते पुढें कामगारांच्या रक्षणासाठीं कायदा हवा या मतास आले. १८९१ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं दुर्बलांचें रक्षण हें राज्याचें कर्तव्य ठरविलें. १९३१ सालीं अकरावे पायस यांनीं त्यास मर्यादा घातली, कीं लहान संस्थेला जें साधतें तें मोठीनें हिरावून घेऊं नये.

आमच्या मतें या दोन सूत्रांतच प्रश्नाचें उत्तर आहे. दानानें मिळालेल्या औषधाबरोबर लाचारीही गिळावी लागते; वर्गणी भरणाराला तें हक्कानें मिळतें. आपल्याकडे प्रा. बी. पी. आडारकर यांनीं १९४४ सालीं मांडलेल्या योजनेंतून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा निघाला, त्यांतही मालक व कामगार या दोघांची वर्गणी आहे.

कायदा करुणेला पारखा करील, ही भीति आम्हांस पटत नाहीं. दृष्टांतांतील त्या शोमरोनी मनुष्यानें जखमी वाटसरूला उचललें, त्याच्या जखमा बांधल्या, आणि निघतांना उतारशाळेच्या मालकाच्या हातीं दोन दीनारही ठेविले. पैशाची तजवीज कायद्यानें करावी. जखमा बांधणारे हात मात्र समाजालाच पुरवावे लागतील.