सुईण ते सोबतीण : बाळंतिणीच्या उशाशी बसलेल्या स्त्रीचा इतिहास

१/
दरवर्षी १२ जानेवारीला बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा गर्दीने फुलून जाते. १५९८ साली लखुजीराजे जाधवांच्या वाड्यात, म्हाळसाबाईंच्या पोटी जिजाऊंचा जन्म झाला, त्याचा हा सोहळा. वडिलांचे नाव आपल्याला पाठ आहे, आईचेही. परंतु कळा देणाऱ्या म्हाळसाबाईंच्या पाठीशी बसलेली आणि नवजात जिजाऊंना प्रथम हातांवर झेलणारी स्त्री कोण होती? इतिहासाने तिचे नाव टिपले नाही. आजचा धागा तिच्यासारख्या स्त्रियांविषयी आहे.

२/
तिला सुईण म्हणत, वऱ्हाडात दाईही म्हणत. संस्कृतात 'सूति' म्हणजे प्रसव. 'सुईण' हा त्याच कुळातला शब्द. नाळ कापणे एवढेच तिचे काम नव्हते. कळा सुरू झाल्या की ती येई, कंबर चोळी, पाठीला आधार देई, धीराचे चार शब्द बोले. पुरुष ओसरीवर येरझारा घालीत आणि आत बायकांचे राज्य असे. बाळंतपण पार पडल्यावरही ती बाळबाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायला येई. पाचवीच्या किंवा सटवाईच्या पूजेला तिचा मान असे. धान्य, लुगडे, चोळी, नारळ अशा रूपात तिला मोबदला मिळे.

३/
पण या मानाला दुसरी, कडवट बाजू होती. प्रसूतीचे रक्त, वार आणि नाळ यांना विटाळ मानले जाई. त्यामुळे विदर्भातील अनेक गावांत हे काम मांग, महार, न्हावी समाजांतील स्त्रियांच्या वाट्याला आले. अडलेल्या बाईसाठी मध्यरात्री जिला बोलावणे धाडले जाई, तिचाच स्पर्श बाळंतिणीची शुद्धी झाल्यावर पुन्हा वर्ज्य ठरे. जन्माच्या क्षणी जात बाजूला राही, मग पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसे.

४/
जुन्या बाळंतपणाचे गोड चित्रही रंगवायला नको. विळ्याने किंवा हाती येईल त्या पात्याने नाळ कापल्यामुळे बाळाला धनुर्वात होई. मूल आडवे आले किंवा रक्तस्राव थांबेना, तर सुईणीचा अनुभव तोकडा पडे. १८६५ साली कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. त्यांचे बाळ अवघे दहा दिवस जगले. पुढे त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८६ साली एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. विषयाच्या या निवडीमागे स्वतःचे दुःख उभे नव्हते, असे म्हणणे कठीण आहे.

५/
१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. बुलढाणा जिल्हा त्याचाच भाग. १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री डॉक्टर व परिचारिका मिळाव्यात म्हणून निधी उभारला. १९०३ साली लेडी कर्झन यांनी दायांच्या प्रशिक्षणासाठी वेगळा निधी काढला. या प्रयत्नांनी पुष्कळांचे प्राण वाचले. मात्र सरकारी लिखाणात दाई ही बहुधा आरोपी म्हणूनच उभी राहिली : अडाणी, घाणेरडी, माता-बालकांच्या मृत्यूला कारण.

६/
या आरोपात तथ्य होते, पण ते अर्धेच होते. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरला एक विलक्षण गोष्ट आढळली. तेथील ज्या कक्षात सुईणी बाळंतपणे करीत, तेथे कमी माता दगावत; जेथे डॉक्टर आणि विद्यार्थी करीत, तेथे कितीतरी जास्त. कारण हे विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत. क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती होताच मृत्यू झपाट्याने घटले. म्हणजे दोष अस्वच्छ हाताचा होता. तो हात दाईचा असो वा डॉक्टरचा.

७/
त्याच शतकात पुण्यात एक वेगळा प्रयोग झाला. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांनी येथे यावे, गुप्तपणे व सुखरूप बाळंत व्हावे, मूल ठेवायचे की नाही ते त्यांच्या मर्जीवर, अशी ती व्यवस्था. आलेल्या स्त्रियांची काळजी सावित्रीबाई जातीने घेत. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचे मूल फुले दांपत्याने दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. जिच्याजवळ उभे राहायला सगे तयार नव्हते, तिच्याजवळ येथे कोणीतरी उभे राहिले.

८/
आता परत विदर्भात येऊ. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले आणि बुलढाण्याची राजधानी नागपूर झाली. त्याच नागपुरात कमलाताई होस्पेट ही बालविधवा परिचारिका व सुईणीचे शिक्षण घेऊन पुढे आली. १९२१ साली तिने वेणूताई नेने यांच्यासह मातृसेवा संघ स्थापन केला. छोट्याशा प्रसूतिगृहापासून सुरू झालेल्या या कामाच्या शाखा विदर्भात आणि विदर्भाबाहेरही पसरल्या. १९६१ साली कमलाताईंना पद्मश्री मिळाली. शुभकार्यात विधवेची सावलीही टाळणाऱ्या समाजात एका विधवेच्या हातांवर हजारो मुले जन्माला आली. ही क्रांतीच म्हणायची, फक्त तिला तोफा लागल्या नाहीत.

९/
स्वातंत्र्यानंतर सरकारने गावोगावच्या दायांना प्रशिक्षण दिले : स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ. २००५ साली धोरण पालटले. जननी सुरक्षा योजना आली, आशा कार्यकर्ती आली आणि प्रसूती दवाखान्यातच व्हावी यावर भर आला. महाराष्ट्रात २००५-०६ साली सुमारे ६५ टक्के प्रसूती दवाखान्यांत होत. २०१९-२१ पर्यंत हे प्रमाण जवळजवळ ९५ टक्के झाले. एक लाख जिवंत जन्मांमागे राज्यातील मातामृत्यू २००१-०३ मध्ये १४९ होते, २०१८-२० मध्ये ३३ उरले. या आकड्यांपुढे 'जुने तेच सोने' म्हणणाऱ्याने गप्प बसावे.

१०/
तरीही या प्रवासात एक गोष्ट मागे राहिली. घरातील अंधाऱ्या खोलीत बाळंतीण एकटी नसे. दवाखान्यात मात्र आई, सासू, नवरा सारेच दाराबाहेर थांबले आणि ती आत अनोळखी माणसांत पडली. जळगाव जामोद, संग्रामपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याचे एखादे गाव डोळ्यांपुढे आणा. घरी कोरकू बोलणारी मुलगी पहिल्या खेपेला कळा देते आहे. भोवतालचे मराठी तिला नीट उमगत नाही आणि हात धरायला ओळखीचे कोणी नाही. दाई गेली, तिच्या जागी अधिक कुशल हात आले; पण तिची बैठक रिकामीच राहिली.

११/
या रिकाम्या जागेची किंमत विज्ञानाने मोजली. १९८० साली ग्वाटेमालातील एका रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिलटकरणींपैकी काहींजवळ एक साधी, अप्रशिक्षित, अनोळखी बाई सतत बसवली होती. तिने फक्त पाठ चोळली, हात धरला, बोलत राहिली. सोबत असलेल्या स्त्रिया दाखल झाल्यापासून सरासरी ८.८ तासांत बाळंत झाल्या. सोबत नसलेल्यांना १९.३ तास लागले. तो अभ्यास लहान होता. पण २०१७ साली १७ देशांतील २६ चाचण्या आणि १५,८५८ स्त्रिया यांचा एकत्रित आढावा निघाला, तोही याच दिशेने गेला : सतत सोबत असेल तर प्रसूतीचा काळ घटतो आणि शस्त्रक्रियेची वेळ कमी येते.

१२/
अशा सोबतिणीला आज जगभर 'डूला' म्हणतात. ती नाळ कापत नाही, औषध देत नाही. ती बाळंतिणीला धीर देते आणि गांगरलेल्या नवऱ्यालाही काय करावे ते सांगते. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ डेना राफेल यांनी १९७० च्या दशकात हा शब्द रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे दासी. योगायोग पाहा : तिकडे दासी, इकडे अस्पृश्य. जन्माच्या वेळी सर्वांत जवळ असणाऱ्या बाईला समाजाने दोन्हीकडे सर्वांत खालची पायरी दिली.

१३/
२०१६ साली केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एका स्त्री नातेवाइकाला सोबत राहण्याची मुभा दिली. जेथे आडोशाची नीट सोय आहे, तेथे नवऱ्यालाही. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही स्त्रीच्या पसंतीची सोबत असावी अशी शिफारस केली. ओसरीवर येरझारा घालणारा नवरा अखेर उंबरा ओलांडून आत येऊ शकतो, ही या इतिहासातील खरोखर नवी गोष्ट. सोबत मात्र जुनीच आहे. आपण तिला फक्त परत बोलावतो आहोत.

१४/
निर्जंतुक कात्री की धीराचा हात, अशी निवड बाळंतिणीपुढे ठेवणेच चूक. तिला दोन्ही हवेत आणि दोन्हींवर तिचा हक्क आहे.

जाता जाता एक काम सांगतो. घरातील आजीला, पणजीला विचारा : तुम्ही कोणाच्या हातावर जन्मलात? तुमच्या बाळंतपणात उशाशी कोण बसले होते? जे नाव सांगतील ते वहीत लिहून ठेवा. गाव आणि सालही. सिंदखेडराजाच्या वाड्यातील त्या स्त्रीचे नाव आता मिळायचे नाही. तुमच्या गावातल्या सुईणीचे अजून मिळू शकते.