पाच स्वर आणि त्यांचं घर

गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी एकदा सांगतंच, "मेजर पेंटॅटॉनिक शिकून घे. पाचच स्वर आहेत, कुठलाही वाजव, चुकणार नाही." मग आपण बोटांचा तो साचा पाठ करतो, कॉर्ड्स सुरू करून त्यावर खाली-वर फिरतो आणि पाच मिनिटांत कंटाळतो. चुकत काहीच नाही, पण गाणंही होत नाही. असं का होतं, ते आज इतिहासाच्या अंगानं पाहू.

हे पाच स्वर आपल्या ओळखीचे आहेत. सा रे ग प ध, म्हणजे भूपाचे स्वर. शुद्ध स्वरांच्या सप्तकात दोनच ठिकाणी अर्ध्या स्वराचं अंतर असतं: ग आणि म यांच्यात, नी आणि वरच्या सा यांच्यात. म आणि नी वगळले की या दोन्ही घासणाऱ्या जागा जातात. उरलेले पाच स्वर गळ्याला सोपे आणि एकमेकांशी न भांडणारे. त्यामुळे जगभरच्या लोकसंगीतात ते भेटतात. 'अमेझिंग ग्रेस' या इंग्रजी भजनाला आज जी चाल आहे, ती १८३५ साली विल्यम वॉकर यांच्या 'सदर्न हार्मनी' या अमेरिकी संग्रहात त्या शब्दांना जोडली गेली. ती चाल याच पाच स्वरांची.

आता १९६४च्या अखेरीला येऊ. शहर डेट्रॉइट, कंपनी मोटाउन, गट टेम्प्टेशन्स, गाणं 'माय गर्ल'. गीतकार-संगीतकार स्मोकी रॉबिन्सन आणि रोनाल्ड व्हाइट. पण गाणं ओळखू येतं ते सुरुवातीच्या गिटारवरून. ती वाजवली रॉबर्ट व्हाइट या स्टुडिओतल्या वादकानं. सी कॉर्डवर तो सरळ चढत जातो: सी, डी, ई, जी, ए आणि वरचा सी. भूपाचा आरोहच! मग कॉर्ड बदलून एफ होते आणि तो एफपासून तसाच चढतो: एफ, जी, ए, सी, डी, एफ.

इथे थांबा. दोन्ही वेळच्या स्वरांची तुलना करा. चार स्वर तेच आहेत. फक्त ई गेला आणि एफ आला. सी हाच सा धरला, तर ग गेला आणि म आला. सा रे म प ध, म्हणजे दुर्गाचे स्वर. एका स्वरानं घर बदललं. ते ऐकणाऱ्याला जाणवतं, कारण वादकाला कॉर्ड कुठे गेली ते ठाऊक आहे. त्या काळी मोटाउनच्या रेकॉर्डवर वादकांची नावं छापत नसत. १९६५च्या मार्चमध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते सहा स्वर कोट्यवधींना पाठ झाले, वाजवणारा मात्र अनामिकच राहिला.

ते स्वर आधी बांधलेले होते. तयारीनं सुचलेलं ऐकायचं, तर 'ब्लू स्काय' ऐका. ऑलमन ब्रदर्स बँडच्या डिकी बेट्सचं हे गाणं 'ईट अ पीच' या १९७२च्या अल्बममध्ये आहे. ई आणि ए या दोनच कॉर्ड्सच्या आवर्तनावर आधी ड्वेन ऑलमन वाजवतो, मग बेट्स. पाया ई मेजर पेंटॅटॉनिकचा. इथेही तोच हिशेब: ए कॉर्ड आली की जी-शार्पवर रेंगाळलं तर खटकतं, ए वर टेकलं की घरी आल्यासारखं वाटतं. म्हणजे "कुठलाही वाजव, चुकणार नाही" हे अर्धंच खरं. अल्बम बाजारात आला तेव्हा ड्वेन नव्हता. २९ ऑक्टोबर १९७१ रोजी मोटरसायकलच्या अपघातात तो गेला. वय अवघं २४. त्या वादनात घाई कुठेच नाही. तो वाक्य म्हणतो, श्वास घेतो, मग पुढचं म्हणतो.

आपल्याकडे ही गोष्ट फार पूर्वीपासून माहीत आहे. भूप आणि देसकार, दोघांचे स्वर तेच. पण भूपाचा वादी ग, देसकाराचा ध. भूप संध्याकाळचा, देसकार सकाळचा. स्वरांची यादी म्हणजे राग नव्हे. कुठे थांबायचं, कुठे परतायचं, यानं राग होतो. गिटारवरचा साचा आपल्याला यादी देतो, घर दाखवत नाही.

म्हणून या आठवड्याचा रियाज. पहिले दोन दिवस तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा, सी धरा आणि पाच स्वरांत छोटी वाक्यं वाजवा; प्रत्येक वाक्य ग वर संपवा. पुढचे दोन दिवस तीच वाक्यं ध वर संपवा. मग तानपुरा बंद करून सी आणि एफ या कॉर्ड्स रेकॉर्ड करा, चार-चार मात्रांच्या. एफ आली की ई सोडून एफ वर टेका. वाजवण्याआधी वाक्य गाऊन पाहा. गळा थांबेल तिथे बोटंही थांबू द्या.

भेटू पुढच्या भागात.